बंदूक जमा करा, घोषणाही जमा करा

कोकणात राहता, चार कलमं आहेत, आजोबांच्या वेळची शेतसंरक्षणाची एकनळी बंदूक माळ्यावर आहे? मग निवडणूक जाहीर झाली रे झाली की उमेदवारांची यादी लागायची वाट बघू नका, आधी पोलीस ठाणं गाठा. लोकशाहीला खरा धोका तुमच्यापासूनच आहे. नाव, पत्ता, फोटो देऊन परवाना काढणारा आणि मुदत संपायच्या आत नूतनीकरणाला धावणारा माणूस काय करेल याचा नेम नाही. गावठी कट्टेवाल्याला कशाला हाक मारायची? त्याचा पत्ता तरी कुठे आहे रजिस्टरात?

ठाण्यात बंदुकीला चिठ्ठी बांधतील, पोचपावती देतील. पावती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, आपल्याकडच्या दमट हवेत कागद टिकत नाही. सरसकट सगळ्यांची हत्यारं जमा करायची नसतात, त्यासाठी जिल्ह्यात छाननी समिती असते, हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. ठाण्यात बोलू नका. परत न्यायला जाल तेव्हा साहेब बंदोबस्तात असतील. उद्या या.

2024 साली हे पुण्य दोनदा पदरात पडलं. लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली ती थेट जूनपर्यंत, म्हणजे काजू आणि आंबा माकडांना आंदण. विधानसभेची लागली 15 ऑक्टोबरला, भात कापणीला आलेलं असताना. तारखा ठरवणाऱ्यांत रानडुकरांचं कुणीतरी ओळखीचं असणार. हवेत एक बार काढून त्यांना पिटाळायची सवय सोडा, डबे वाजवा. पण जपून, वाद्यांचं पुढे सांगतो.

बंदुकीवर वाद घालायचाच तर अमेरिकेवर घाला. तिथली शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी 1791 ची दुसरी घटनादुरुस्ती तोंडपाठ असली की चहाच्या टपरीवर भाव वाढतो. आपल्या घटना समितीतही डिसेंबर 1948 मध्ये हरी विष्णू कामतांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता, आणि बाबासाहेबांनी विरोध केला. बरंच झालं म्हणा. आपल्याला मिळाला तो कलम 19 मधला हक्क : शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा.

आता ठाण्याबाहेरच्या फळ्यावरचा कागद वाचा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951, कलम 37 खालचा मनाई आदेश. तलवारी, भाले, बंदुका, काठ्या बंद. दगड गोळा करणं बंद. पुतळ्यांचं प्रदर्शन, घोषणा, गाणी, वाद्यं बंद. हावभावसुद्धा. आणि त्याच कागदावर खाली : पाच किंवा अधिक माणसांनी जमू नये. घटना म्हणते, हत्यार घरी ठेवून या. आदेश म्हणतो, हत्यार ठेवा आणि तुम्हीही घरीच बसा. शासनाच्या मंजुरीशिवाय जमावबंदी पंधरा दिवसांपलीकडे नेता येत नाही, म्हणून सोळाव्या दिवशी नवा कागद येतो. कायदा पाळण्यात आपले अधिकारी कधी कमी पडत नाहीत.

तुम्ही मात्र बंदुकीवरच बोलत राहा. वरची ओळ वाचून दोन तट पडले की खालची ओळ वाचायला कुणी उरत नाही.

तरीही रस्त्याच्या खड्ड्यांसाठी तहसीलवर जायचंच असेल, तर चौघे जा. पाचवा हट्टाने आलाच तर त्याला मुंडावळ्या बांधा. लग्नाच्या वरातीला बहुतेक आदेशांत सूट असते.