मिरांडा वाचून दाखवलं नाही म्हणजे केस रद्द होत नाही

"अमेरिकेत पोलिसांनी अटक करताना हक्क वाचून दाखवले नाहीत तर माणूस सुटतो" असा मेसेज फिरतोय, तिकडे शिकायला गेलेल्या मुलांच्या ग्रुपवर पण आलाय. हे चूक आहे आणि यावर विसंबलात तर महागात पडेल.

हे हक्क वाचून दाखवणं म्हणजे मिरांडा सूचना: तुम्हाला गप्प राहण्याचा आणि वकील घेण्याचा हक्क आहे, असं पोलिसांनी सांगणं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या १९६६ च्या मिरांडा निकालाप्रमाणे ही सूचना तेव्हाच लागते जेव्हा माणूस ताब्यात आहे आणि त्याची चौकशी चाललीय, दोन्ही एकदम. नुसती अटक केली, काही विचारलंच नाही, तर सूचना नाही दिली तरी चालतं. आणि द्यायला हवी होती पण दिली नाही, तर सरकारी वकिलाला ते जबाब गुन्हा सिद्ध करायला वापरता येत नाहीत, पण साक्षीदार, सीसीटीव्ही, बाकीचा पुरावा सगळा तसाच राहतो. ज्याच्या केसमध्ये हा निकाल लागला त्या खुद्द अर्नेस्टो मिरांडाचंच बघा ना, कबुलीजबाब बाद झाला, १९६७ मध्ये खटला परत चालला आणि तो परत दोषी ठरला!

अजून एक, हे फार कमी जणांना माहितीय, नुसतं गप्प बसून भागत नाही. २०१० मध्ये अमेरिकेच्याच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की गप्प राहण्याचा हक्क वापरायचा असेल तर तसं स्पष्ट बोलावं लागतं. म्हणून सरळ म्हणा, मला काही बोलायचं नाही, मला वकील पाहिजे.