स्विसएअर कशानं बुडाली: लक्ष्मीनगरच्या कट्ट्यावरचा वाद

"मोठ्या अलायन्समधली विमान कंपनी बुडत नसते, लिहून ठेव," दिलीपभाऊ म्हणाले आणि रविवारचा कट्टा पोहे यायच्या आधीच तापला.

आमचा कट्टा म्हणजे नागपूरच्या लक्ष्मीनगरात, आठ रस्ता चौकाजवळच्या एका बंद दुकानाचा ओटा. समोर तर्री पोह्याचा ठेला, त्याला लागून चहाचा, पलीकडे पानठेला. दिलीपभाऊंचं सीताबर्डीला ट्रॅव्हल एजन्सीचं ऑफिस आहे, तीस वर्षांपासून तिकिटं काढून देतात. सुनील मिहानमध्ये विमानांच्या दुरुस्तीच्या कामावर. काका बँकेतून निवृत्त. मी ऑडिट करतो. म्हणजे दुसऱ्यांच्या ताळेबंदाच्या खाली बारीक अक्षरात जे छापलेलं असतं, ते वाचण्यावर माझं पोट आहे. म्हणूनच दिलीपभाऊंचं ते वाक्य मला सोडवेना. अलायन्स म्हणजे विमान कंपन्यांची युती, एकमेकींच्या विमानांची तिकिटं विकणारी. स्टार, वनवर्ल्ड या त्यातल्या मोठ्या.

"अॅन्सेट," मी म्हटलं. "ऑस्ट्रेलियाची. स्टार अलायन्समध्ये होती. सप्टेंबर 2001 मध्ये एका रात्रीत बंद पडली. मेक्सिकाना वनवर्ल्डमध्ये होती, 2010 ला गेली. हंगेरीची मालेव्हही वनवर्ल्डचीच, फेब्रुवारी 2012. स्पेनची स्पॅनएअर स्टारमध्ये होती, ती त्याच्या एक आठवडा आधी."

"हे सगळे लहान मासे आहेत बे."

"अन् आपली किंगफिशर? फेब्रुवारी 2012 मध्ये वनवर्ल्डमध्ये जायची होती. तारीख ठरली होती. शेवटच्या क्षणी वनवर्ल्डनं थांबवलं, अन् त्याच महिन्यात आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या, आपसातले हिशेब मिटवणाऱ्या क्लिअरिंग हाउसनंही तिला बाहेर काढलं. दारात उभ्या पाहुण्याला सांगावं की तुझे कपडे मळले, आत येऊ नको. अलायन्स धडधाकट माणसाला घेते दिलीपभाऊ, आजाऱ्याला नाही."

"मंग स्विसएअरचं बोल," दिलीपभाऊ सरसावून बसले. "ती कुठल्याच मोठ्या अलायन्समध्ये नव्हती. म्हणून बुडाली. माझा मुद्दा तूच सिद्ध करून राहिला."

इथं मला थांबून मनातल्या मनात कबूल करावं लागलं, की मुद्दा अगदीच फोल नाही. स्विसएअर ही स्वित्झर्लंडची विमान कंपनी, 1931 ची. लोक तिला 'उडती बँक' म्हणायचे, इतकी तिच्या पैशाची पत. मी सांगू लागलो: तिच्याकडं मित्रही होते. 1989-90 पासून डेल्टा आणि सिंगापूर एअरलाइन्सशी तिची सोयरीक होती, ऑस्ट्रियन एअरलाइन्स सोबत होती. पण 2000 साल उजाडलं आणि सगळे पांगले. सिंगापूर आणि ऑस्ट्रियन स्टारमध्ये गेल्या. डेल्टानं एअर फ्रान्सचा हात धरून स्कायटीम ही नवी अलायन्स काढली. स्विसएअरकडं उरली तिची स्वतःची क्वालिफ्लायर नावाची टोळी, आणि त्या टोळीतल्या बऱ्याच कंपन्यांत तिचाच पैसा अडकलेला.

"पण हे सगळे गेले काहून?" सुनीलनं विचारलं.

"सुरुवात मताच्या पेटीतून झाली. 6 डिसेंबर 1992 ला स्विस लोकांनी युरोपच्या आर्थिक क्षेत्रात सामील व्हायला थोड्या मतांनी नकार दिला. युरोपातल्या बाकीच्या कंपन्यांना एकमेकांचं आकाश मोकळं झालं, स्विसएअर मात्र दाराबाहेर. मग 1993 मध्ये केएलएम, एसएएस, ऑस्ट्रियन आणि स्विसएअर अशा चौघांचं एकत्र येण्याचं ठरत होतं. अल्काझार नाव होतं त्या बेताचं. तेही फिसकटलं."

"म्हणजे लग्न मोडलं," काका म्हणाले.

"हो. आणि मग त्यांनी जे केलं ते फार वाईट केलं, काका. मित्र मिळत नाहीत म्हणून विकत घ्यायला लागले. त्याला 'हंटर' धोरण म्हणायचे. सल्लागार होते मॅकिन्झी. बेल्जियमच्या सबेनात 49.5 टक्के, जर्मनीच्या एलटीयूत 49.9, पोलंडच्या लॉटमध्ये 37.6, साउथ आफ्रिकनमध्ये 20. वर फ्रान्समधल्या तीन कंपन्या आणि इटलीतल्याही. यातल्या बहुतेक आधीच तोट्यात. सबेना तर 1923 पासून चालत होती, पण नफ्याचं वर्ष शोधून काढावं लागेल अशी तिची गत."

तेवढ्यात पोहे आले. तर्रीचा तवंग प्लेटच्या काठाला लागलेला, वर कच्चा कांदा आणि चिवडा. पोहेवाल्यानं नेहमीसारखी शेजारच्या चहावाल्याला नुसती चार बोटं दाखवली. आमच्याकडचे पैसे तो पोह्यासोबतच घेतो, आणि रात्री ठेले बंद करताना दोघं आपसात हिशेब करतात. मला एकदम सापडलं.

"हे पाहा दिलीपभाऊ. पोहेवाल्याकडं पैसे दिले, चहा दुसऱ्यानं पाजला. तुमच्या धंद्यात याला इंटरलाइन म्हणतात ना?"

"हो. तिकीट एकाचं, विमान दुसऱ्याचं. हिशेब क्लिअरिंग हाउसमधून."

"बरोबर. आता चहावाल्याचं दूध नासलं तर पोहेवाल्याचं काय जातं? एक दिवसाची अडचण. तो पलीकडून चहा मागवेल. ही अलायन्स. पण समजा पोहेवाल्यानं चहाच्या ठेल्यात 49 टक्के घेतले, वरून दूधवाल्याला सांगितलं की याची उधारी थकली तर मी देईन. आता दूध नासलं की पोहे बंद."

"पण 49 टक्केच घेतले, तर नुकसान 49 टक्केच ना?" सुनील म्हणाला.

हा प्रश्न कोणी विचारावा याचीच मी वाट पाहत होतो. स्विसएअर युरोपीय संघाच्या बाहेरची, त्यामुळे तिथल्या कंपनीत बहुमत घेता येत नव्हतं. कागदावर नेहमी निम्म्याच्या आत. उरलेले भाग स्थानिक भागीदाराच्या नावावर, आणि आत करार असे, की भागीदाराला झळ लागणार नाही, पैसे स्विसएअर ओतणार, वेळ आली की त्याचे शेअरही घेणार. दिवाळ्यानंतर चौकशी करणाऱ्या ऑडिटरांनी नेमकं हेच मांडलं: भाग निम्मा, जोखीम सगळी. मी रोज ताळेबंद पाहतो, म्हणून हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला होता. 49.5 हा आकडा ज्यानं वर छापला, त्याला खालचे करार ठाऊक असणारच, असं मला वाटतं.

"तरी 11 सप्टेंबर झालं नसतं तर टिकली असती," काका म्हणाले. "न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर सगळ्यांचेच प्रवासी पळाले."

"काका, 2000 सालचा 2.9 अब्ज फ्रँकचा तोटा एप्रिल 2001 मध्येच जाहीर झाला होता. जानेवारीत मुख्य अधिकारी ब्रुगिसर पायउतार झाले, मार्चमध्ये जवळजवळ अख्खं संचालक मंडळ गेलं. नेस्लेमधून मारियो कोर्टींना आणलं. हल्ल्यानं फक्त शेवटचा धक्का दिला, भिंत आधीच पोखरलेली होती."

काकांनी मान हलवली, पण पटली नव्हती. त्यांचा खरा मुद्दा वेगळाच निघाला.

2 ऑक्टोबर 2001. आपल्याकडं गांधी जयंतीची सुट्टी होती. झुरिकच्या विमानतळावर मात्र मंगळवारची गर्दी. आदल्या दिवशी यूबीएस आणि क्रेडिट स्विस या दोन बँकांनी स्विसएअरकडून तिच्या क्रॉसएअर या छोट्या उपकंपनीचे सत्तर टक्के शेअर घ्यायचं ठरवलं होतं, पण पैसे वेळेत हातात पडले नाहीत. इंधनवाले रोख मागू लागले. रोख नव्हती. दुपारी विमानं थांबवली. अडीचशेहून जास्त उड्डाणं रद्द, हजारो माणसं जिथल्या तिथं. ज्या देशाची बँक जगात प्रसिद्ध, त्याच देशाच्या विमानात पेट्रोल टाकायला पैसे नाहीत. स्विस लोकांना त्या दिवशीची लाज अजून बोचते, आणि त्यांचा राग बँकांवर आहे.

"बँकेवर राग काढणं सोपं असतं," काकांचा आवाज चढला. "मी तीस वर्षं कर्जं दिली. बुडणाऱ्याला किती द्यायचं? जेटचंच पाहा ना. एप्रिल 2019 मध्ये कंपनीनं तातडीचे पैसे मागितले, बँकांनी हात वर केले. 17 एप्रिलला रात्री अमृतसरहून मुंबईचं शेवटचं विमान. लोक आम्हाला शिव्या देऊन राहिले होते. पण ते पैसे कोणाचे? तुझ्या-माझ्या ठेवी."

"पण काका, देणार नव्हते तर आधीच सांगायचं ना," सुनील पहिल्यांदाच जोरात बोलला. "शेवटच्या आठवड्यापर्यंत आशा लावून ठेवायची. दोन-दोन, तीन-तीन महिन्यांचे पगार थकलेले, तरी पोरं कामावर जाऊन राहिली होती. कोणी नोकरी सोडली नाही, कारण रोज सांगायचे की पैसा येऊन राहिला."

कोणी काही बोललं नाही. सुनीलचे मित्र होते त्यात.

मग सुनीलनंच विचारलं, "स्विसएअरच्या मेंटेनन्सवाल्यांचं काय झालं?"

हे त्यानं विचारणं साहजिक होतं. मिहानमधलं दुरुस्ती केंद्र बोइंगनं एअर इंडियासाठी बांधलं, 68 विमानांच्या खरेदीच्या करारातून. 2015 मध्ये सुरू झालं. जानेवारी 2022 मध्ये एअर इंडिया टाटांकडं गेली, तेव्हा अभियांत्रिकीची कंपनी सरकारकडंच ठेवली. विमानं एकाची, हँगर दुसऱ्याचा. त्या दिवसांत सुनीलच्या घरी सगळे धास्तावलेले असायचे.

स्विसएअरच्या बाबतीत मजकूर असा, की तिचे हे धंदे चांगले होते. दुरुस्तीची एसआर टेक्निक्स, विमानतळावर सामान हाताळणारी स्विसपोर्ट, जेवण देणारी गेट गुर्मे. तिन्ही विकल्या गेल्या आणि पुढं चालत राहिल्या. स्विसपोर्टचे कर्मचारी जगभर दिसतात. म्हणजे हातपाय धडधाकट होते, आणि डोक्यानं बाहेरची दुखणी विकत आणली. मला या गोष्टीचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

"आणि शिक्षा?"

"2007 मध्ये ब्यूलाखच्या कोर्टात खटला चालला. एकोणीस आरोपी. सगळे निर्दोष."

सुनीलनं चहाचा कप ओट्यावर ठेवला तो आपटलाच.

सबेनाचं सांगायचं राहिलं. 7 नोव्हेंबर 2001 ला तिचं दिवाळं निघालं. स्विसएअरनं कबूल केलेले पैसे आलेच नाहीत. आणि बरोबर तेवीस वर्षांनी, 7 नोव्हेंबर 2024 ला आपल्या सर्वोच्च न्यायालयानं जेट मोडीत काढायचा आदेश दिला. तारखेला अर्थ नाही, मला माहीत आहे. पण दोन्हीकडं बाहेरचा भागीदार होता. जेटमध्ये अबुधाबीच्या एतिहादनं 2013 मध्ये 24 टक्के घेतले. जर्मनीच्या एअर बर्लिनमध्ये 29, इटलीच्या अलिटालियात 49. स्विसएअरचंच धोरण, फक्त झुरिकच्या जागी अबुधाबी. 2017 मध्ये अलिटालिया प्रशासकाकडं गेली, एअर बर्लिननं दिवाळं काढलं. एतिहादच्या मागं तेलाचा पैसा होता म्हणून ती स्वतः उभी राहिली. स्विसएअरच्या मागं काही नव्हतं.

"म्हणजे सोळा वर्षांत कोणी काही वाचलंच नाही," काका म्हणाले. तेवढ्यावर आमचं एकमत झालं.

दिलीपभाऊ अजून हार मानायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, की एअर इंडिया 2014 मध्ये स्टारमध्ये गेली म्हणून तग धरू शकली. मी म्हटलं, तग तिला सरकारच्या पैशानं धरता आला, विकताना कर्ज साठ हजार कोटींच्या वर होतं. "पण प्रवासी तर आले ना अलायन्समुळं?" आले असतील. हे मी खोडू शकलो नाही.

मग काकांनी विषय सोनेगावला आणला. आपल्या विमानतळावर कडेला एक जुनं बोइंग 720 पडून होतं, आठवतं? 1991 मध्ये उतरलं आणि मालकानं सोडून दिलं. 2015 पर्यंत तिथंच. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलंय. विमान सुटताना खिडकीतून दिसायचं, रंग उडालेला, सभोवती गवत वाढलेलं. मुलगी लहान असताना मला विचारायची, याचे प्रवासी कुठं गेले? काका म्हणाले की त्यांच्या वडिलांच्या काळात याच धावपट्टीवर मध्यरात्री दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची टपालाची विमानं एकत्र यायची, थैल्या बदलून परत जायची. 1949 ची गोष्ट. चार शहरं, एक ठिकाण, आणि कोणी कोणाला विकत घेतलं नव्हतं.

त्या बोइंगच्या गोष्टीनं दिलीपभाऊ गप्प झाले. मग म्हणाले, "माझ्या ड्रॉवरमध्ये एक पाकीट आहे." काही वर्षांपूर्वी एका विमान कंपनीची उड्डाणं बंद पडली, तेव्हा त्यांच्याकडून तिकिटं काढलेल्या माणसांचे अर्ज त्यात आहेत. रिफंड आला नाही. एका म्हाताऱ्या जोडप्याचे पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून दिले, बाकीच्यांचे देऊ शकले नाहीत. "ती बाई अजून बर्डीवर भेटली की नमस्कार करते. मले तोंड लपवावंसं वाटतं."

यावर काय बोलणार? मी एवढंच विचारलं, की आता तुम्ही तिकिटं कशी काढता.

"स्वस्त पडावं म्हणून दोन वेगळी. इथून दिल्ली एक, पुढचं दुसरं."

"पहिलं विमान चुकलं तर पुढच्यावाला म्हणतो, माझा काय संबंध. एका तिकिटावर असलं तर दुसऱ्या विमानात बसवायची जबाबदारी त्यांची. अन् पैसे कार्डानं भरलेले असले तर कंपनी बंद पडल्यावर बँकेकडं तरी मागता येतात."

काकांनी दुजोरा दिला. चार्जबॅकची प्रकरणं त्यांनी पाहिली होती, मुदतीत अर्ज केला तर पैसे परत आलेले.

दिलीपभाऊंनी हात धुतले, रुमालानं पुसले आणि तिथंच फोन लावला. "ताई, नमस्कार. मुलाचं डब्लिनचं तिकीट अजून काढलं नाही ना मी... नाही, नाही, अडचण काही नाही. दोन नको, एकाच पीएनआरवर काढून देतो. तीन-चार हजार जास्त लागतील. आणि रोख नका आणू, मुलाच्या कार्डावरून भरा... काहून? उद्या ऑफिसला या, सांगतो सगळं."