पहिले यश म्हणजे गुणवत्तेचा दाखला नव्हे

‘पहिल्याच परीक्षेत चमकणारे मूल आयुष्यभर चमकते, हे शास्त्राने सिद्ध केले आहे, तेव्हा मागे पडलेल्या मुलावर पैसा वाया घालवू नका,’ अशा आशयाचा संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. शिष्यवृत्ती परीक्षेच्या गुणवत्ता यादीत मुलाचे नाव न आल्याने आधीच खट्टू झालेल्या माझ्या बहिणीला तो तिच्या थोरल्या जाऊबाईंनी आवर्जून पाठवला, म्हणून हा प्रतिवाद.

यशामागून यश येते, एवढे नाइलाजाने मान्य करतो. नामवंत शास्त्रज्ञाला त्याच तोडीच्या अपरिचित शास्त्रज्ञाहून अधिक श्रेय मिळते, हे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी 1968 मध्येच मांडले होते. परंतु त्यावरून पहिला यशस्वी मुळातच सरस असतो, हे कसे ठरते?

शास्त्राचा हवाला द्यायचाच, तर समाजशास्त्रज्ञ आर्नाउट व्हान डे रायट आणि सहकाऱ्यांचा 2014 मधील प्रयोग पाहावा. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ज्यांना तोवर छदामही मिळाला नव्हता असे 200 प्रकल्प घेऊन, त्यांतील निम्म्यांना, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडून, संशोधकांनी स्वतःच थोडी रक्कम दिली. पुढे या गटातील 70 टक्के प्रकल्पांना इतरांकडून पैसे मिळाले, तर उरलेल्यांपैकी 39 टक्क्यांना. निवड गुणांवर नव्हतीच. फरक पडला तो मदतीच्या पहिल्या हाताचा. म्हणजे ज्याच्याबाबतीत हात आखडता घ्याल तो मागे राहण्याची शक्यता वाढते, आणि नेमका तोच सल्ला हा संदेश देतो. वर ‘बघा, आम्ही म्हटले होते’ म्हणायला मोकळा! शिवाय संशोधकांकडून काहीही न मिळालेल्यांतील ते 39 टक्के संदेशकर्त्याच्या हिशेबात कुठेच नाहीत.

सचिन तेंडुलकरांचे उदाहरण तर त्याने द्यायलाच नको होते. पहिल्या दोन्ही एकदिवसीय सामन्यांत ते शून्यावर बाद झाले होते. शालेय क्रिकेटमधील 664 धावांच्या भागीदारीने आधीच नाव झाले नसते, तर निवड समितीने तेवढाच धीर धरला असता का, हा प्रश्न मात्र रास्त आहे.

राहता राहिला ‘दहा वर्षांच्या आत महागडा क्लास लावा’ हा उपदेश. वर्गणी आणि अभ्यास या एक गोष्टी नव्हेत. तरीही त्याच प्रयोगात सुरुवातीची मदत वाढवल्यावर लाभ त्या प्रमाणात वाढला नव्हता.