फुकट म्हणजे हलकं?

आज स्टाफरूममध्ये डोकंच फिरलं माझं. एफवायच्या मुलांना फिजिक्सचं कुठलं पुस्तक सांगायचं यावर बोलणं चाललं होतं, मी म्हटलं ओपनस्टॅक्स ही पाठ्यपुस्तकांची वेबसाइट आहे, तिथलं युनिव्हर्सिटी फिजिक्स सांगूया, तीन खंड आहेत, पीडीएफ फुकट. तर एक सीनियर सर म्हणाले, "मॅडम, फुकटच्या गोष्टीला दर्जा नसतो." झालं, परत तेच गाइड. एकानेही पान उघडून बघितलं नाही!

मला ती गेल्या वर्षीची मुलगी आठवली. एसटीने दीड तास येणारी, जवळ पुस्तक नाही, मैत्रिणीच्या गाइडची झेरॉक्स आणि त्यातलीही मधली पानं गायब. तिच्या तडकलेल्या फोनवर मी पहिला खंड उतरवून दिला. पंधरा दिवसांनी येऊन विचारते, "मॅडम, लाट पुढे जाते मग दोरी का जात नाही?" गाइड वाचून असं कुणी विचारलेलं मला तरी आठवत नाही.

दर्जा म्हणे! अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाने प्राध्यापकांकडून लिहून, तपासून घेतलेलं पुस्तक आहे ते. आणि परवाना खुला, म्हणजे आपण प्रकरणं सिलॅबसप्रमाणे पुढेमागे करून, मराठी टिपा घालून मुलांना वाटू शकतो, कुणाला विचारायला लागत नाही. हेच आपल्या लोकांना माहीत नाही. आपल्याच आयआयटींचं एनपीटेल, म्हणजे प्राध्यापकांची फुकट व्हिडिओ लेक्चर्स, 2003 पासून आहे, तेही आठवतं ते सर्टिफिकेटपुरतं.

इंग्रजी जड जातं, मान्य. पेपर गाइडसारखाच येतो, तेही मान्य.

पण कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट या वेबसाइटवरची सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, बघा, कितीतरी मराठीतसुद्धा आहेत. त्या मुलीला मी दोरीवरच्या लाटेचं दाखवलं. बोटाने दोरी हलवून, एकच मणी जागच्या जागी खालीवर होताना ती बघत बसली, तिची एसटी चुकली त्या दिवशी.

आता जरा शांत झालेय. तासिका तत्त्वावरची आमची माणसं दोन-दोन कॉलेजांत धावतात, मानधन महिनोन्‌महिने येत नाही, त्यांनी हे कधी शोधायचं? मलाही लॉकडाउनपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. त्याआधीच्या माझ्या मुलांना मी गाइडच घ्यायला लावलं, काहींनी उसने पैसे काढून घेतलं असेल, ते फार लागतं मनाला.

सोमवारी तिन्ही खंड लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर टाकतेय. ती मुलगी आता एसवायला आहे, म्हणाली, "मॅडम, फोनवर कसं घ्यायचं ते एफवायच्या पोरींना मी दाखवते."