तिला 'बिचारी' म्हणू नका

३ मार्च, मराठी सिनेमातल्या रंजनाचा स्मृतिदिन, आला की दरवर्षी माझ्या फेसबुकवर एकच फोटो फिरायला लागतो. व्हीलचेअरवर बसलेली रंजना. खाली दोन ओळी, आणि त्याखाली शेकडो लोकांचं एकच वाक्य, 'बिचारीचं फार वाईट झालं.' लिहिणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं, हे मला कळतं. पण दरवर्षी माझा जीव तुटतो. म्हणून यंदा सविस्तर लिहिते आहे. मोठं झालंय, पण वाचा.

रंजना देशमुख. पडद्यावर नुसतं 'रंजना' यायचं आणि तेवढं पुरायचं. आई वत्सला देशमुख, 'पिंजरा'मधली आक्का. सख्खी मावशी अभिनेत्री संध्या. घरातच असा वारसा असला की लोक म्हणतात, हिला काय, सगळं आयतं मिळालं. मिळाली ती फक्त पहिली संधी, १९७५च्या 'चंदनाची चोळी अंग अंग जाळी'मध्ये. तिथून पुढे बारा वर्षं मराठी प्रेक्षक तिकीट काढत राहिला तो तिच्यासाठी. मावशीच्या नावावर कुणी एवढी वर्षं पैसे टाकत नाही.

मी गिरणगावातली. लालबागच्या चाळीत वाढले. बाबा गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. संपाचा इतिहास पुस्तकांत आहे, तो मी सांगत बसत नाही. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीपुरतं सांगते. आई खाणावळ चालवायची, आठ-दहा जण जेवायला असायचे. संप लांबला तसे तेही एकेक करून गावाला निघून गेले. बाबांचा पगार थांबला आणि आईची खाणावळही. मग आई साड्यांना फॉल लावायला लागली. रात्री सगळे झोपले की दिव्याखाली बसून. सुई टोचून टोचून तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक काळं पडलं होतं, खरखरीत झालं होतं. ते बोट ती माझ्या गालावरून फिरवायची तेव्हा ओरखडा उठल्यासारखं व्हायचं. बाबा दाराशी बसलेले असायचे. बोलायचे नाहीत फारसे.

आणि १९८४ साली भारतमाता थिएटरला 'बिनकामाचा नवरा' लागला.

हे नाव त्या वेळी आमच्या चाळीत कसं ऐकू आलं असेल, विचार करा. प्रत्येक खोलीत एक नवरा काम जाऊन बसलेला. शेजारच्या काकूंनी चार बायका जमवल्या आणि आईलाही ओढून नेलं. आईला जायचं नव्हतं. नावच नको वाटत होतं तिला. मी तिच्याबरोबर गेले, दहा वर्षांची होते. पुढून चौथी रांग.

अशोक सराफ आणि रंजना. पडद्यावर ती नवऱ्याला बोलायला लागली आणि आमची आख्खी रांग हसायला लागली. मी आईकडे पाहिलं. आई पदर तोंडावर धरून हसत होती, खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. दोन वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. रंजनाचं काय होतं, की ती नवऱ्यावर चिडायची, त्याचा उद्धार करायची, पण त्याला कस्पटासमान लेखायची नाही. तिच्या चिडण्यात 'हा माझा आहे' हे कायम असायचं. कमावणारी बाई आणि बसून असलेला नवरा, यात किती अपमान दडलेला असतो ते आम्हाला घरी रोज दिसत होतं. तिने तेच घेतलं आणि कुणालाही लहान न करता त्यावर हसवलं.

रात्री घरी आल्यावर आईने भाकऱ्या थापता थापता बाबांना रंजनाच्या ठसक्यात काहीतरी सुनावलं. शब्द आठवत नाहीत, पण सूर आठवतो. बाबांनी वर पाहिलं. आम्हाला वाटलं आता चिडणार. ते हसले. मग आईही हसली. त्या दिवसापासून मी रंजनाची आहे.

नंतर मिळेल तिथे तिचे सिनेमे पाहिले. गावच्या यात्रेतल्या तंबूत, दूरदर्शनवर, व्हिडिओवर, आता मोबाइलवर. जितके पाहिले तितकं एक गोष्ट पक्की होत गेली. ही बाई विनोदातली जोडीदारीण म्हणून लक्षात राहिली, पण तिचा आवाका त्याहून कितीतरी मोठा होता. व्ही. शांताराम यांच्या 'चानी'त ती चि. त्र्यं. खानोलकरांची चानी झाली. गावात असून गावाची नसलेली, वेगळ्या रंगाची पोर. अनंत माने यांच्या 'सुशीला'त शिक्षिका झाली. 'सत्यम शिवम सुंदरा' ही प्रार्थना आम्ही शाळेत रोज म्हणायचो, पण ती या सिनेमातली आहे हे बऱ्याच जणांना ठाऊकही नसतं. प्रार्थना म्हणणारी ती बाई पुढे कशी उद्ध्वस्त होते आणि रंजना ते कसं दाखवते, ते बघाच. आणि तीच रंजना 'गुपचुप गुपचुप' किंवा 'एक डाव भुताचा'मध्ये काय हलकीफुलकी असते! 'मुंबईचा फौजदार'मध्ये रवींद्र महाजनींबरोबरचं 'हा सागरी किनारा' आजही कुठल्याही लग्नात, कुठल्याही ऑर्केस्ट्रात वाजतं.

राजदत्त यांच्या 'अरे संसार संसार'बद्दल मात्र थांबून बोलायला हवं. विठ्ठल वाघांचं 'काळ्या मातीत मातीत तिफन चालते' हे गाणं त्यातलं. आम्ही ते आजीबरोबर पाहिलं होतं. माझ्या आजीचा जन्म शेतात गेला. सिनेमातल्या शेतकरणींकडे बघून ती नाक मुरडायची. म्हणायची, यांच्या टाचा बघा, यांना ढेकूळ माहीत नाही. रंजनाला बघून ती गप्प बसली. मग एवढंच म्हणाली, 'ही चालते बरोबर.' आजीकडून मिळालेलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र. भुसभुशीत रानात बाई चालते तेव्हा ती पाऊल टाकत नाही, रोवते. गुडघ्यातून किंचित वाकून, कमरेतून तोल सावरत. स्टुडिओत वाढलेल्या मुलीने ते कुठून उचललं असेल? बघून बघूनच. मेहनतीशिवाय ते येत नाही, आणि या मेहनतीबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही.

दुसरी गोष्ट तिच्या टायमिंगची. आपल्याकडे विनोदी सिनेमात नायिकेचं काम काय असायचं? घाबरायचं, लाजायचं आणि नायकाने विनोद केला की खुदकन हसायचं. रंजना समोरच्याचा चेंडू परत टोलवायची. अशोक सराफांसारख्या माणसासमोर हशा वसूल करणं सोपं नाही, भलेभले झाकोळून जातात. ही मात्र त्यांच्या वाक्यानंतर अर्धा क्षण थांबायची, डोळे मोठे करायची, आणि प्रेक्षक तिच्या बोलण्याआधीच हसायला लागायचा. तो अर्धा क्षण मी शंभरदा मागे नेऊन पाहिलाय. तिथे ती काही करत नाही. नुसती ऐकते. इतकं खरं ऐकणारी नट मंडळी आपल्याकडे फार थोडी झाली.

मग थोर अभिनेत्रींच्या यादीत तिचं नाव शेवटी 'आणि रंजना' असं का येतं? मला वाटतं, ती लोकांना आवडली म्हणून. समांतर सिनेमातल्या रडण्याला आपण अभिनय म्हणतो आणि तंबूत बसलेल्या माणसाला हसवलं तर त्याला करमणूक म्हणतो. स्मिता पाटीलवर माझंही तेवढंच प्रेम आहे. डिसेंबर १९८६मध्ये ती गेली तेव्हा आमच्या चाळीत चूल उशिरा पेटली होती. पण स्मितावर जितकं लिहिलं गेलं, त्याच्या शतांशही रंजनाच्या कामावर लिहिलं गेलेलं नाही. लिहिलं गेलं ते तिच्या अपघातावर.

तो १९८७ साली झाला. बंगळुरूकडे चित्रीकरणाला जाताना मोटारीला अपघात झाला आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. काम ऐन भरात होतं. पायाच्या प्रत्येक हालचालीतून बोलणारी नटी, आणि नेमकं तेच गेलं. यातलं दुःख मी नाकारत नाही, कुणी नाकारू शकणार नाही. पण त्यानंतर ती नाटकात उभी राहिली, हो, 'उभी राहिली'च म्हणते, व्हीलचेअरवर बसून. 'फक्त एकदाच' हे ते नाटक. मला ते पाहता आलं नाही, ही हळहळ कायमची. पोस्ट लिहिणाऱ्या दहांपैकी नऊ जण त्या नाटकाचं नावही घेत नाहीत. फोटो मात्र तिथलाच हवा असतो, खुर्चीतला.

अपघाताची बातमी आली त्या संध्याकाळी आमच्या चाळीच्या गॅलरीत बायका जमल्या होत्या. 'बिचारी गं', 'कुणाची नजर लागली', असं चाललं होतं. आई फॉलची साडी मांडीवर घेऊन बसली होती. खाली मान घालून टाके घालत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग सुई साडीत खोचून ठेवली आणि म्हणाली, 'तिला बिचारी म्हणू नका. तिनं मला हसवलंय.' आणि आत निघून गेली.

आई आता थकली आहे. बाबा नाहीत. गिरणीच्या जागी काचेचा टॉवर आहे.

तर माझी एक विनंती आहे. यंदा ज्यांना रंजनाबद्दल काही लिहायचं असेल त्यांनी जरूर लिहा, पण आधी तिचा एक सिनेमा सांगा. कुठे पाहिला, कुणाबरोबर पाहिला, त्यात ती काय करते तेव्हा तुम्हाला हसू आलं किंवा डोळे भरले. अपघाताबद्दल नंतर बोलू.

माझ्यापासून सुरुवात करते. 'बिनकामाचा नवरा'. भारतमाता, पुढून चौथी रांग, आईबरोबर.