सायरन ऐकून समोरचा ट्रक थांबतोच असं नाही

काल रात्री कट्ट्यावर जोरात वाजलं. आमचा एक दोस्त पोलिसात आहे, तो बाईकवरून आला, डोकं मोकळं आणि हेल्मेट कोपरात अडकवलेलं. अण्णा भडकलेच, म्हणाले दिवसभर लोकांच्या पावत्या फाडतोस आणि स्वतः असा येतोस? मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या सुधारणेत कलम 210 बी आलंय, कायदा राबवणाऱ्यानेच नियम मोडला तर दंड डबल, म्हणजे हेल्मेटचे हजार तर तुला दोन हजार.

तो म्हणाला दंडाचं सोडा अण्णा, तुम्ही कधी विसर्जनाच्या बंदोबस्ताला उभे राहिलात का, मग मी म्हटलं अरे त्याचीच तर भीती वाटते. गेल्या गणपतीत हाच पठ्ठ्या रात्रभर बंदोबस्त करून सकाळी घरी निघाला, डुलकी लागली आणि डिव्हायडरला घासला, भुवईवर सात टाके पडले. साठच्या स्पीडला तीन सेकंद डोळा लागला तर पन्नास मीटर गाडी आंधळी जाते रे!

मग विषय बेल्टवर गेला. रिक्षावाल्या दादाने पोलिसांच्या जीपमध्ये बघितलंय, बेल्ट सीटच्या मागून फिरवून क्लिप लावलेली, का तर बीप वाजू नये. दोस्त म्हणाला पटकन उतरून पळावं लागतं, बेल्ट मध्ये येतो. हे मला अजिबात पटत नाही. स्पॉटच्या शंभर मीटर आधी स्पीड कमी झाला की बटण दाबायचं, रोज केलं की हाताला सवय होते. आणि मागे बसणाऱ्या साहेबांनी पण लावायचा, 2022 ला पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री कार अपघातात गेले ते मागच्याच सीटवर होते आणि बेल्ट नव्हता.

सायरनवरून तर तो चिडलाच, इमर्जन्सीला सिग्नल तोडायची आम्हाला सूट आहे म्हणाला. आहे ना, पण काळजी घेऊन जायची अट पण आहे, काच वर आणि गाणी मोठ्याने लावलेल्या ट्रकवाल्याला तुझा सायरन ऐकूच येत नाही, चौकात ब्रेकवर पाय ठेवूनच घुसायचं.

मग तो थोडा वेळ गप्प बसला. चहा संपवून उठला, हेल्मेट घातलं आणि पट्टा लावला. त्याची परत नाईट ड्युटी होती. अण्णा म्हणाले बाईक इथंच ठेव, मी सोडतो, आणि सकाळी सुटलास की फोन कर, न्यायला येतो.