आईला काय लागतं आणि कोण लागतं

मी इंग्लंडमधल्या एका इस्पितळात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. पडून हाड मोडलेली, न्यूमोनियाने खंगलेली म्हातारी माणसं बरी होत आली की त्यांना घरी सोडता येईल का, हे बघायचं माझं काम. स्वतः आंघोळ जमते का, शर्टाची बटणं लागतात का, जिना चढता येतो का. दहा गोष्टींचा एक तक्ता असतो, बार्थेल म्हणतात त्याला. त्यात गुण भरायचे. सतरा वर्षं भरते आहे.

आईला कायमचं इथे आणायचा अर्ज करायचा म्हणून गेल्या मार्चमध्ये मी वकिलासमोर बसले आणि जवळजवळ तेच प्रश्न तिच्याबद्दल ऐकले. आंघोळ स्वतः करते? हो. कपडे घालते? हो. मग अर्ज टिकणं अवघड आहे, ते म्हणाले. आणि समजा उद्या नाही करता आली आंघोळ, तर मिरजेत पैसे देऊन बाई मिळते ना? मिळते. मग तर जास्तच अवघड.

आई ७९ वर्षांची, बाबा गेल्यापासून अडीच वर्षं मिरजेच्या घरात एकटी. मी एकुलती एक. आई कालनिर्णयावर दुधाचे खाडे लिहायची, माझ्या जन्माच्या आधीपासून. गेल्या जानेवारीत मी गेले तेव्हा त्या महिन्याच्या प्रत्येक चौकोनात खाडा मांडलेला होता. दूध रोज येत होतं. नंतर तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला, पण मला त्या पानावरच कळलं होतं.

इथला नियम साधा करून सांगते, कारण अनेकांना वाटतं की मुलगी ब्रिटिश नागरिक आहे म्हणजे आईला आणणं फक्त कागदपत्रांचं काम. २०१२ च्या जुलैपर्यंत ते बऱ्यापैकी तसं होतंही. पासष्टीच्या पुढची विधवा आई, मुलांच्या पैशावर अवलंबून, मायदेशी आधाराला जवळचं कुणी नाही, हे दाखवता आलं तर तिला इथे कायमचं राहता यायचं. ९ जुलै २०१२ पासून ते बदललं. आता वय किंवा आजारपण यांमुळे आंघोळ, कपडे, स्वयंपाक अशा रोजच्या गोष्टींसाठी तिला दीर्घकाळ दुसऱ्याची मदत लागते हे सिद्ध करायचं. शिवाय ती मदत, मी इथून पैसे पाठवूनही, तिथे मिळूच शकत नाही किंवा परवडत नाही हेही सिद्ध करायचं. अर्ज तिने भारतातूनच करायचा. फी तीन हजार पौंडांच्या वर, म्हणजे साडेतीन लाख रुपयांहून जास्त, आणि नकार आला तर ती परत नाही.

म्हणजे पैसे पाठवण्याची ऐपत नसेल तर इथे सांभाळणार कशी, आणि ऐपत असेल तर तिथेच बाई ठेव. मिरज तर पूर्वीपासून दवाखान्यांचं गाव. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातून लोक उपचाराला येतात तिथे. तिथे काळजी मिळत नाही, असं मी कुठल्या तोंडाने लिहू? आणि खोटं मला लिहायचंही नाही.

आता त्या मिळणाऱ्या काळजीबद्दल. आठ महिन्यांत, घरी राहून करणाऱ्या बायका पुरवणाऱ्या ब्यूरोकडून पाच जणी आल्या. मी त्यांच्यापैकी कुणालाही वाईट म्हणणार नाही. चोवीस तास परक्या घरात राहून परक्या म्हातारीचं करणं किती कठीण आहे, हे मी जाणते. एक मावशी तर फार मायेच्या होत्या, चार महिने राहिल्या, मग लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. पण आई पर्स लपवते, लपवल्याचं विसरते आणि समोरच्या बाईवर चोरीचा आळ घेते. हा आजाराचाच भाग आहे. तिसऱ्या बाई रडत निघून गेल्या. मी व्हिडिओ कॉलवर म्हणायचे, "अगं आई, त्यांनी नाही घेतली, उशीखाली बघ." तिला तासभर पटायचं. मी स्वतः पाच आठवडे जाऊन राहिले तेव्हा पर्स रोजच हरवायची, पण आळ एकदाही आला नाही. "तू ठेवलीस का गं कुठे?" एवढंच विचारायची आणि मी शोधून दिली की विषय संपायचा. रात्री सलग झोपायची. ताटातलं सगळं संपवायची.

हेच एखाद्या इंग्लिश आजीबाईंच्या बाबतीत दिसलं तर मी अहवालात स्पष्ट लिहिते की ओळखीचं माणूस जवळ असणं ही या रुग्णाची गरज आहे. गरज म्हणून लिहिते, हौस म्हणून नाही, आणि माझे वरिष्ठ ते मान्य करतात. मग माझ्या आईच्या बाबतीत तीच गोष्ट फक्त मुलीची भावना कशी ठरते?

कोर्टानेही या प्रश्नाला हात घातलेला आहे. २०१७ साली ब्रिटसिट्स नावाच्या संघटनेने या नियमाला दिलेलं आव्हान अपील न्यायालयाने फेटाळलं. पण त्याच निकालात असंही म्हटलं की काळजी मिळते की नाही हे बघताना आईवडिलांच्या मानसिक आणि भावनिक गरजाही धरता येतात, मात्र त्यांना वैद्यकीय पुरावा हवा. माझ्यासारख्यांना धरायला ही एक फांदी आहे. दुसरीकडे, सज्ञान मुलं आणि त्यांचे आईबाप यांच्यात नेहमीच्या मायेपेक्षा अधिक काही, म्हणजे खरंखुरं अवलंबून असणं, दाखवल्याशिवाय त्यांना कायद्याच्या भाषेत कुटुंब मानत नाहीत. ते वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा लॅपटॉप बंद करून बाहेर चालायला गेले.

सगळं बसलं नाही तर शेवटी उरतो अनुकंपेचा मार्ग, नियमाबाहेर जाऊन अपवाद करा अशी विनंती. अनुकंपा म्हटलं की आपल्याकडे कर्ता माणूस गेल्यावर मिळणारी नोकरी आठवते. इथेही तसंच काहीतरी घडून जावं लागतं. मला आई खंगायच्या आधी ती हवी आहे, आणि आधी मागायला नियमात जागा नाही.

इथल्या लोकांची काळजी मला समजते. आरोग्यसेवेवर किती ताण आहे हे मी रोज वॉर्डात बघते. म्हणून म्हणते, अटी घाला. सरकारी मदत घेणार नाही, पाच वर्षं सगळा खर्च माझा, असं हमीपत्र आजही लिहून द्यावं लागतं, ते मी आनंदाने देईन. आरोग्य अधिभार घ्या, खाजगी विमा सक्तीचा करा. पण दार असू द्या. हे दुखणं एकट्या ब्रिटनचं नाही. ऑस्ट्रेलियात वृद्ध पालकांच्या साध्या रांगेत आज नाव घातलं तर तीस वर्षांच्या आसपास थांबावं लागतं. कॅनडात २०२० साली ज्यांनी नावं दिली, त्यांच्याच यादीतून पुढची अनेक वर्षं बोलावणी निघाली.

नातेवाईक म्हणतात, मग परत ये. बरोबर आहे, त्याचाही विचार आम्ही दोघांनी मिळून केला. मुलगा पुढच्या वर्षी दहावीसारखी जीसीएसई देणार आहे, आणि घराचे हप्ते दोन पगारांवर चालतात. मी एकटीने वर्षभराची बिनपगारी रजा मागितली आहे, उत्तर यायचं आहे. आणखी एक सल्ला फार लोक देतात: सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आण आणि तो अनुकंपेचा अर्ज इथूनच टाक. व्हिसाची मुदत संपायच्या आत अर्ज गेला तर निकाल लागेपर्यंत राहणं कायदेशीर असतं, हे खरं आहे. पण त्यासाठी विमानतळावरच्या अधिकाऱ्याने "परत कधी जाणार?" विचारल्यावर आईने खोटं बोलायचं. ती आयुष्यात एसटीतही अर्ध्या तिकिटाचं खोटं बोलली नाही. मला बारा पूर्ण झाल्या झाल्या तिने कंडक्टरला स्वतःहून पूर्ण तिकीट मागितलं होतं. मी तिला ते करायला लावणार नाही.

आणि आईला काय हवं आहे? हे मी उशिरा विचारलं, याचं मला वाईट वाटतं. आधी म्हणाली, लेकीच्या घरी कायमचं राहतात का कुणी, लोक काय म्हणतील. दुसऱ्या दिवशी, अगदी स्वच्छ डोक्याने, म्हणाली, "येते मी. पण घर विकू नका. देवघरात रोज दिवा लावायला शेजारच्या वहिनींना किल्ली दे." तिच्या परवानगीने मी ते वाक्य तारखेसकट लिहून ठेवलं आणि डॉक्टरांनी तिच्या केसपेपरला जोडलं. पुढे तिला सांगता येणार नाही, तेव्हा तो कागद असेल.

अर्ज मी करणार आहे, मिरजेतून, सरळ मार्गाने. मेंदूविकार तज्ज्ञांचा अहवाल, मानसोपचार तज्ज्ञांचा वेगळा अहवाल, पाचही बायकांच्या येण्याजाण्याच्या तारखा, ब्यूरोच्या पावत्या, वजनाच्या नोंदी, क्षयरोगाच्या तपासणीचा दाखला, असं सगळं गोळा करते आहे. जानेवारीचं ते कालनिर्णयाचं पानही लावू का, असं वकिलांना विचारलं. भाषांतर करून लावा, म्हणाले. "खाडा" या शब्दाला इंग्रजीत काय लिहायचं, यावर मी दोन दिवस अडले आहे.

तुमच्यापैकी कुणी २०१७ नंतर आईवडिलांसाठी हा अर्ज केला असेल, मंजूर झालेला असो वा नाकारलेला, तर मला मेसेज करा. भावनिक गरजेचा वैद्यकीय अहवाल कुठल्या शब्दांत लिहून घेतला होता, एवढंच मला बघायचं आहे. नावं, पत्ते काढून पाठवलंत तरी चालेल. दुपारी चार ते पाच मात्र फोन उचलणार नाही. तेव्हा मिरजेत रात्रीचे साडेनऊ झालेले असतात आणि आईची गोळ्यांची वेळ असते.